भरून पावलो

“मॅडम, तुमच्या बायबलात देव सगळ्या गरजा पुरवतो असं लिहिलंय ना? मग होम लोनचा फॉर्म कशाला भरताय?”

बँकेत डबा खाताना एका सहकाऱ्यानं हे विचारलं. तो चेष्टेत होता आणि माझ्या तोंडात घास होता, त्यामुळे हसण्यावारी गेलं. पण हाच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून येत राहतो. शेजारच्या काकू सहानुभूतीनं विचारतात. इंजिनिअरिंगला असलेला भाचा मात्र चिडून विचारतो, “मावशी, आपल्या चर्चच्या मंडळीत दर रविवारी हेच वचन सांगतात, मग अर्धी मंडळी कर्जात का?” म्हणून एकदा नीट सांगते.

आमच्या नगरच्या घरात पिठाच्या डब्याच्या वर एक चौकट होती. आईनं लग्नाआधी क्रॉस-स्टिचनं भरलेली. ‘माझा देव तुमची सर्व गरज पुरवील’, खाली बायबलातला संदर्भ, फिलिप्पै ४:१९. आईचा अंदाज चुकला आणि शेवटच्या शब्दाला जागा पुरली नाही. ‘पुरवील’मधला ‘ल’ फ्रेमच्या लाकडाखाली अर्धा गेलाय. पप्पा म्हणायचे, देव पुरवील, पण कापड तू मोजून घ्यायचं होतंस.

मी अकरा वर्षांची असताना पप्पांचा कारखाना बंद पडला. पगार तीन महिन्यांचा थकलेला. एके दिवशी डबा इतका रिकामा होता की आईनं तो उपडा करून बुडाला चिकटलेलं पीठ चमच्यानं खरवडलं. तो पत्र्यावर चमचा घासल्याचा आवाज अजून कानात आहे. संध्याकाळी महिला संघातली एक मावशी पिशवी घेऊन दारात उभी. “सलाम बाई. बाजरी जास्त झाली, किडा लागेल, म्हटलं तुमच्याकडे द्यावी.” ती विधवा होती, दवाखान्यात आया म्हणून काम करायची. तिच्याकडे बाजरी जास्त होणं शक्यच नव्हतं, दुकानातून आणली होती. ती गेल्यावर आई चौकटीकडे बघून म्हणाली, “देवानं पाठवलं.” मला राग आला. देवानं कुठं, मावशीनं पाठवलं. देवाला कशाला फुकटचं श्रेय?

तो राग बरीच वर्षं राहिला. बँकेत लागल्यावर एकदा मी फिलिप्पैकरांस पत्र सबंध वाचलं. चौकटीतली एक ओळ सोडून त्याच्या मागचंपुढचं पाहिलं, आणि चकित झाले. ते वचन आहे एका पावतीत!

हे पत्र लिहिणारा पौल, ख्रिस्ताचा सुरुवातीच्या काळातला प्रचारक, कैदेत होता. परंपरेनं रोममध्ये म्हणतात. त्या काळी कैद्याचं जेवणखाण बाहेरून आणणारं कुणी नसेल तर त्याचे हाल कुत्रा खात नसे. फिलिप्पै शहरातल्या मंडळीनं वर्गणी काढली आणि एपफ्रदीत नावाच्या आपल्यातल्या माणसाच्या हाती पाठवली. तो या कामात आजारी पडून मरता मरता वाचला, हेही त्याच पत्रात आहे. पैसे पोचल्यावर पौलानं आभाराचं पत्र लिहिलं आणि त्याच्या शेवटाकडे तो चक्क आमच्या भाषेत बोलू लागतो, म्हणजे बँकेच्या. देण्याघेण्याचा हिशेब म्हणतो. मला देणगीचा सोस नाही, पण तुमच्या खात्यावर जमा व्हावं म्हणतो. आणि मग एक ग्रीक शब्द वापरतो, ‘अपेखो’. इजिप्तमध्ये वाळूत सापडलेल्या त्या काळच्या पपायरसच्या पावत्यांवर तोच शब्द सापडतो. आपल्या जुन्या पावत्यांवर ‘रोख भरून पावलो’ लिहीत ना, अगदी तेच. ही पावती फाडून झाल्यावर पुढच्याच श्वासात तो म्हणतो, माझा देव तुमची सर्व गरज पुरवील.

म्हणजे ही ओळ लिहिणारा स्वतः दुसऱ्याच्या वर्गणीवर जगत होता. आणि ज्यांना लिहिली ते काही शेठसावकार नव्हते. मासेदोनिया प्रांतातल्या मंडळ्या, ज्यांत फिलिप्पैही आली, पराकाष्ठेच्या दारिद्र्यात असूनही देतात, असं पौलानंच करिंथकरांना लिहिलंय. मराठीत ‘तुमची’ म्हटलं की ते आदरार्थी एकाचंही असतं आणि अनेकांचंही, त्यामुळे चौकटीखाली उभं राहणाऱ्या प्रत्येकाला ते आपल्या एकट्याला उद्देशून वाटतं. मूळ ग्रीकात ते स्वच्छ अनेकवचन आहे. तुम्हा सगळ्यांची, मिळून.

प्रभूच्या प्रार्थनेतही आपण ‘आमची रोजची भाकर’ मागतो. माझी नाही, आमची. आणि रोजची, वर्षाची नाही. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवानं पाठवलेलं अन्न, मिळाला तोही दिवसापुरता. ज्यांनी उद्यासाठी राखून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. (माझं काम लोकांना मुदत ठेवी विकायचं आहे, त्यामुळे हा अध्याय वाचताना मी जरा घाईत असते.)

हल्ली मोबाइलवर एक वेगळीच शिकवण फिरते. हजार रुपयांचं बीज पेरा, देव शंभरपट परत देईल, खाली क्यूआर कोड. मला ते बघून दामदुप्पट योजनेत आयुष्याची पुंजी घालून मग आमच्या काउंटरशी येऊन रडणारे लोक आठवतात. त्याच पत्रात पौल सांगतो की मी तृप्त राहायला शिकलोय आणि उपाशी राहायलाही. उपाशी राहायला! ही ओळ त्या व्हिडिओत कधी ऐकली नाही.

विश्वासावर जगणं काय असतं ते बघायचं तर लांब जायला नको. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाला, म्हणजे विधवांसाठीच्या शाळेला, अमेरिकेतल्या एका मंडळानं दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं. ती मुदत १८९८ मध्ये संपत आली होती. त्याच्या आदल्याच वर्षीपर्यंत मध्य प्रांतातल्या दुष्काळातून बाईंनी शेकडो मुली आणि विधवा आणल्या होत्या. १९०० पर्यंत केडगावच्या ‘मुक्ती’ या त्यांच्या आश्रमात सुमारे १५०० माणसं जेवत होती. रमाबाईंनी जॉर्ज म्यूलरचं चरित्र वाचलं होतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला म्यूलरनी पाच मोठ्या इमारतींत २००० अनाथ मुलांची सोय केली, आणि कुणाकडे हात पसरायचा नाही, फक्त प्रार्थना करायची असा नेम पाळला. पण मला म्यूलर आवडतात ते वेगळ्या कारणासाठी. आलेल्या पैन् पैची ते पावती देत आणि दरसाल हिशेब छापत. रमाबाईही नुसत्या गुडघे टेकून बसल्या नाहीत. त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, माग आणि तेलाचा घाणा चालवला, छापखाना काढला. आज केडगावला गेलात तर विहिरी आवर्जून बघा. प्रार्थना आणि पहार ही त्यांच्याकडे दोन वेगळी खाती नव्हती.

हे सगळं भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, “आणि आजोबांचं काय?”

तिथं मी अडकते. पप्पांची किडनी गेली तेव्हा मंडळीनं दोनदा वर्गणी काढली, माणसं आळीपाळीनं डायलिसिसला घेऊन गेली, रात्रीच्या उपासप्रार्थना झाल्या. आम्हाला पप्पा हवे होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते गेले. कुणी म्हणालं, त्यांची खरी गरज देवानं पुरवली, त्यांना विसावा दिला. असेलही, पण ते माझ्या गळ्याखाली उतरलं नाही, आजही उतरत नाही. पाळकसाहेबांनी असलं काही म्हटलं नाही, ते मातीनंतर येऊन आमच्यात बसले आणि कुणी तरी आणलेला वरणभात आमच्याबरोबर जेवले. पौलाचाही शेवट रोममध्ये तलवारीनं झाला असं परंपरा सांगते. सर्व गरज पुरवील असं लिहिणाऱ्याची मान वाचली नाही. आई चौकट दर शनिवारी पुसायची, पप्पा गेले त्या आठवड्यातही पुसली. तिच्या जागी मी असते तर काढून ठेवली असती.

आता ती माझ्या फ्लॅटमध्ये आहे. पिठाचा डबा ट्रॉलीत गेला, त्यामुळे चौकट फ्रीजच्या वर लावलीय. ‘ल’ अजून अर्धाच दिसतो.

राहिलं होम लोन. अकरा वर्षं बाकी आहेत, हप्ता पाच तारखेला जातो. फॉर्म भरला तेव्हा जामीनदार मिळेना. शेवटी डबा खाताना प्रश्न विचारणारा तो सहकारीच म्हणाला, “द्या इकडे, कुठं सही करायची?” हे मी त्याला अजून बोलून दाखवलेलं नाही.