तुम्ही विचारलंत म्हणून: रस्टमध्ये लिहिलं असतं तर?

कुठे मोठी सिस्टिम कोसळली की माझ्याकडे शिकणारी मुलं हमखास विचारतात, "सर, हेच रस्टमध्ये लिहिलं असतं तर टळलं असतं ना?" रस्ट म्हणजे मेमरीच्या चुका आधीच अडवू पाहणारी प्रोग्रॅमिंगची भाषा. कधी कधी उत्तर सरळ "हो" असतं. २०१४ मध्ये उघडकीस आलेली हार्टब्लीड ही सुरक्षेतली चूक घ्या. ओपनएसएसएल ही इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणारी, सी भाषेतली लायब्ररी समोरचा सांगेल तेवढ्या लांबीचा मजकूर परत पाठवायची. मुळात तेवढा आला होता का, हे तपासतच नव्हती. त्यामुळे सर्व्हरच्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा शेजारचा डेटा, त्यात कधी पासवर्डसुद्धा, बाहेर जायचा. रस्टसारख्या, मेमरीची हद्द तपासणाऱ्या भाषेत हे इतक्या सहज घडलं नसतं. म्हणून आज नवं काम सी किंवा सी प्लस प्लसमध्ये सुरू करायचं तर सबळ कारण हवं, असं मी ठामपणे सांगतो.

पण मग मी मुलांना एरियान ५ या युरोपच्या रॉकेटबद्दल सांगतो. ४ जून १९९६, फ्रेंच गयानातलं कुरू. पहिलंच उड्डाण, आत 'क्लस्टर' मोहिमेचे चार उपग्रह. चाळीसेक सेकंदांत सगळं संपलं. रॉकेटची दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर होतं एडा भाषेत. एडा म्हणजे अशाच जोखमीच्या कामांसाठी घडवलेली, टाइपच्या, म्हणजे कुठली माहिती कोणत्या प्रकारची याच्या, बाबतीत अतिशय कडक भाषा.

आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलायची होती. त्यात ३२७६७ च्या वर काही मावत नाही. संख्या मोठी निघाली आणि एडाने ती चूक पकडली, एक्सेप्शन, म्हणजे 'चूक झाली' असा इशारा, उठवलं. भाषेने आपलं काम चोख केलं. पुढे काय करायचं ते मात्र माणसांनी ठरवलं होतं: एक्सेप्शन आलं की हार्डवेअर बिघडलं असं समजायचं आणि त्या यंत्रणेचा कॉम्प्युटर थांबवायचा. राखीव कॉम्प्युटरवर तेच सॉफ्टवेअर होतं, तो ७२ मिलिसेकंद आधीच थांबलेला. मग रॉकेट चालवणाऱ्या वेगळ्या, मुख्य कॉम्प्युटरने या यंत्रणेचा बिघाडाचा संदेशच उड्डाणाची माहिती समजून वाचला, नॉझल (इंजिनांची तोंडं) टोकापर्यंत वळवली आणि रॉकेट फुटलं.

अशी धोक्याची व्हेरिएबल सात होती. चारांना संरक्षण दिलं, तिघांना नाही, कारण प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. शिवाय हा कोड एरियान ४ चा, आणि त्या रॉकेटच्या मार्गावर ती संख्या एवढी वाढणं शक्यच नव्हतं. एरियान ५ चा आडवा वेग फार लवकर वाढतो. मला सगळ्यात जास्त छळतं ते हे, की त्या हिशेबाची रॉकेट उडाल्यावर गरजच नव्हती! सीमध्ये कदाचित चुकीचा आकडा गपचूप पुढे गेला असता आणि रॉकेटही वर गेलं असतं. यावरून कुणी सीची बाजू घेऊ नये. गपचूप चुका पुढे ढकलणं इतर ठिकाणी महागातच पडतं.

रस्टचं ताजं उदाहरणही आहे. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर, म्हणजे असंख्य वेबसाइट्सची ये-जा जिच्यातून होते ती कंपनीची सेवा, बंद पडली आणि जगभरच्या असंख्य साइट्स अडकल्या. एक आपोआप तयार होणारी फाइल ठरवलेल्या मर्यादेपेक्षा मोठी झाली होती. ती वाचणाऱ्या रस्ट कोडमध्ये "इथे चूक येऊ शकते" हे टाइपमध्येच लिहिलेलं होतं, आणि तिथे अनरॅप केलेलं होतं. अनरॅप म्हणजे चूक आलीच तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे पाडा.

म्हणून कोड तपासताना मी आधी अनरॅप शोधतो आणि लिहिणाऱ्याला विचारतो, "हे फुटलं तर कोण कोण बंद पडेल?" एवढ्यावर भागत नाही, हेही एरियानच्या चौकशी अहवालात आहे. त्या यंत्रणेच्या स्पेसिफिकेशनमध्ये एरियान ५ च्या मार्गाचे आकडे घातलेच नव्हते, तेही सगळ्यांच्या संमतीने. अपघातानंतर तेच सॉफ्टवेअर खऱ्या मार्गाच्या आकड्यांवर जमिनीवर चालवून पाहिलं, तेव्हा ते तसंच बंद पडलं. ही चाचणी उड्डाणाच्या आधीही करता आली असती.