पू न होणारी जखम

प्रयोगशाळेत आलेल्या रक्ताच्या नमुन्यासोबतच्या कागदावर मोजकीच माहिती होती. बाळ पाच आठवड्यांचं, नाळ अजून पडलेली नाही, बेंबीभोवती लाली आहे पण पू नाही, पांढऱ्या पेशी ६२,०००. एवढ्या पेशी आणि पू नाही? बाकीची कामं थांबवून हा नमुना मी आधी घेतला.

पू म्हणजे मुख्यतः रक्तवाहिनीबाहेर आलेले न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. बाहेर पडण्याआधी त्यांना वाहत्या रक्तात भिंत धरावी लागते. सूज आलेल्या जागी वाहिनीच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिनं येतात. त्यांना पकडत-सोडत पेशी घरंगळत जाते. मग अस्तरावरच्या केमोकाइनमुळे (पेशींना इशारा देणारी प्रथिनं) पेशीचे इंटिग्रिन, म्हणजे तिचे पकडणारे हात, ताठ उघडतात, अस्तरावरच्या आयसीएएम-१ या प्रथिनाला घट्ट धरतात आणि पेशी थांबते. या इंटिग्रिनच्या जोडीतला एक घटक सीडी१८. तो नसेल तर पेशी घरंगळते, पण थांबत नाही. जखम कोरडी आणि रक्तात पेशींची गर्दी, याचं कारण हेच असावं असं वाटत होतं.

एका नळीत ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेलं बाळाचं १०० मायक्रोलिटर रक्त, शेजारच्या नळीत त्याच दिवशी काढलेलं निरोगी माणसाचं. दोन्हींत सीडी१८, त्याचा जोडीदार सीडी११बी आणि पांढऱ्या पेशींवर एरवी असणारं सीडी४५ यांना चिकटणारी, चमकता रंग लावलेली प्रतिपिंडं घातली, २० मिनिटं अंधारात ठेवलं, लाल पेशी फोडल्या, धुऊन फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) लावलं. निरोगी रक्तात सीडी१८चं शिखर उजवीकडे, ठळक. बाळाचं मात्र रंग न लावलेल्या पेशींच्याच जागी. सीडी४५ नेहमीसारखं उजळ होतं, म्हणजे पेशी शाबूत होत्या. लिम्फोसाइटवरही सीडी१८ नव्हतं, आणि ते तर तिथे एरवी भरपूर असतं.

तरी लगेच अहवाल दिला नाही. सीडी१८चं प्रतिपिंड नळीत पडलंच नसेल, किंवा जनुकातल्या बदलामुळे त्या एका क्लोनची (प्रतिपिंडाच्या एका वाणाची) चिकटायची जागाच गेली असेल. म्हणून दुसऱ्या क्लोनने पुन्हा केलं. तेच आलं: २ टक्क्यांहून कमी, म्हणजे सीडी१८ नसण्याच्या आजाराचा (ल्युकोसाइट अ‍ॅडहिजन डेफिशियन्सी, प्रकार १) तीव्र प्रकार.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी लागते. सीडी१८ दिसतं, पण काम करत नाही, असेही रुग्ण असतात. इंटिग्रिन उघडायला मदत करणाऱ्या किंडलिन-३ या प्रथिनाच्या दोषात आकडा नॉर्मल येतो आणि सोबत रक्तस्राव होतो. तिथे नुसत्या मोजणीवर विसंबून चालत नाही.

डॉक्टरांना लगेच फोन केला, म्हणजे संसर्गावरचे उपचार आणि मूलपेशी प्रत्यारोपणाची चौकशी एकाच वेळी सुरू होईल. दुसऱ्या दिवशी आईवडिलांचं रक्त आलं. दोघांचीही सीडी१८ची शिखरं निरोगी नमुन्याच्या साधारण निम्म्या उजेडावर होती, म्हणजे दोघांकडेही दोष असलेल्या जनुकाची एकेक प्रत.