दर्याच्या नारळाच्या गावी

लहानपणी आमच्या दारी येणाऱ्या फकिराच्या हातात होडीच्या आकाराचे एक काळे, गुळगुळीत भिक्षापात्र असे. ते लाकडाचे नसून ‘दर्याच्या नारळा’ची करवंटी आहे, हे आजीने सांगितले होते; पण तो नारळ कुठे लागतो, हे तिलाही ठाऊक नव्हते. त्याचे झाड पाहण्याचा योग अखेर सेशेल्स या हिंदी महासागरातील द्वीपदेशात, प्रास्लिन बेटावर आला.

माहे बेटावरून तासाभरात फेरीबोट प्रास्लिनला पोहोचते. तेथील व्हॅले द मे हे जेमतेम १९.५ हेक्टरांचे रान १९८३पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आत शिरताच प्रथम जाणवतो तो आवाज: पंख्यासारखी प्रचंड, ताठ पाने वाऱ्यावर एकमेकांवर आपटून पत्र्यासारखी खडखडतात. १८८१ साली येथे आलेल्या जनरल गॉर्डन या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याला ही बायबलमधील ईडन बाग वाटली. मला मात्र त्या अंधुक, दमट सावलीत थोडी धास्तीच वाटली.

कोको द मेरची, म्हणजेच या दर्याच्या नारळाची, नर आणि मादी झाडे वेगळी असतात. नराच्या हातभर लांब तुऱ्यावरील इवली पिवळी फुले एक हिरवी पाल निवांतपणे चाटत होती. मादीच्या फळाला पिकायला सहा-सात वर्षे लागतात, आणि त्यातील बी वनस्पतिसृष्टीत सर्वांत मोठे असते. वाटेवर ठेवलेले एक बी वाटाड्याने उचलून पाहायला सांगितले. पाय फाकवून, दोन्ही हातांनी ते कसेबसे गुडघ्यापर्यंत आले.

एवढ्यात सर आली. पानांच्या चुण्यांतून पाणी पन्हाळीसारखे देठाकडे आणि तेथून खोडावरून बुंध्याशी उतरत होते. वरचा पालापाचोळा, परागकण त्याबरोबर वाहून येतात आणि निकस जमिनीत हेच झाडाचे खत ठरते.

आपल्या कोकणातला नारळ तरंगत जाऊन परक्या किनाऱ्यावर रुजतो. हा ताजा असताना पाण्यात बुडतो. आतला गर कुजून पोकळ झाल्यावरच तरंगतो, म्हणून प्रास्लिन आणि शेजारचे क्युरियूज यांपलीकडे तो आपणहून कुठेच उगवला नाही. मालदीवच्या किनाऱ्याला लागणाऱ्या करवंट्या पाहून खलाशांना हे झाड समुद्राच्या तळाशी असावे असे वाटे. १७६८ साली फ्रेंचांना प्रास्लिनवर ते सापडले, तेव्हा कुठे उलगडा झाला.

बाहेरच्या दुकानात परवान्याची चिठ्ठी लावलेले पोकळ नारळ विकायला होते. किंमत ऐकून मी फक्त एकाच्या पाठीवरून हात फिरवला. फकिराच्या पात्राइतका गुळगुळीत तो नव्हता.