वेंगुर्ले ते देवबाग : मुलांबरोबर जाताना किती मोठी जागा घ्यावी?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ठाण्याहून सिंधुदुर्गात गेलो. सासू-सासरे, आम्ही दोघे, सहावीत शिकणारी थोरली आणि चार वर्षांचा धाकटा असे आम्ही सहा जण होतो. पहिल्या शनिवार-रविवारी कोल्हापूरहून नणंद, तिचे यजमान आणि त्यांची दोन मुलेही येऊन मिळाली. तारकर्लीच्या समुद्राबद्दल आणि सिंधुदुर्ग किल्ल्याबद्दल भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून इथे मुख्यतः राहण्याच्या जागांविषयी लिहिते. वेंगुर्ल्यात आख्खा बंगला, मालवण शहरात लॉजवरची ‘फॅमिली रूम’ आणि देवबागला घरगुती निवासातल्या दोन लगतच्या खोल्या, अशा तीन तऱ्हा आम्ही ठरवून निवडल्या होत्या. मुले बरोबर असली की जागेचा आकार माणसे मोजून ठरवता येत नाही. कोण किती वाजता झोपतो, किती वाजता उठतो आणि त्या वेळी बाकीचे कुठे बसतात, यावरून तो ठरवावा, हे माझे मत या प्रवासात पक्के झाले.

मुलांच्या वयाचा हिशेब प्रवासापासूनच सुरू होतो. रेल्वेच्या आरक्षित डब्यात पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही आणि बर्थही मिळत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे आणि नको असेल तर अर्धे भाडे, असा नियम आहे. लॉज आणि घरगुती निवासांत मात्र असा एकच नियम नाही. बहुतेक ठिकाणी लहान मूल फुकट, त्याहून मोठ्याचे निम्मे आणि बारा वर्षांपुढे पूर्ण माणूस असे धरतात खरे. पण ‘फुकट’ याचा अर्थ त्याला वेगळी गादी, उशी आणि चादर मिळणार नाही असा असतो, हे आरक्षणाच्या वेळी कोणी आपणहून सांगत नाही. ‘चार जणांची खोली’ असे लिहिलेले असते तेव्हा ते चार जण म्हणजे दोन मोठी माणसे आणि मध्ये निजणारी दोन बाळे, की चार स्वतंत्र अंथरुणे, हे फोन करून विचारलेच पाहिजे.

कुडाळला उतरून आम्ही थेट वेंगुर्ल्याच्या बाजूला मोचेमाडजवळच्या बंगल्यात गेलो. तीन शयनगृहे, मोठी बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि पुढे-मागे अंगण असा तो ऐसपैस बंगला होता, आणि नणंदेचे कुटुंब असेपर्यंत दहा जणांना तो अगदी नेमका पुरला. चारही मुले बैठकीच्या खोलीत गाद्या टाकून एकत्र झोपली आणि शयनगृहे मोठ्यांना मिळाली. अडचण झाली ती न्हाणीघरांची. तीन शयनगृहांना मिळून दोनच न्हाणीघरे होती, आणि समुद्रावरून दहा जण ओले, वाळूने माखलेले परत आले की पहिला चहा घेऊन दुसऱ्या चहाची वेळ होईपर्यंत रांग संपत नसे. अंगणात विहिरीजवळ बाहेरचा नळ होता म्हणून निभावले. मुलांच्या चड्ड्यांच्या शिवणींत साठलेली वाळू तिथेच झटकली गेली नसती तर न्हाणीघराच्या मोऱ्या पहिल्याच संध्याकाळी तुंबल्या असत्या. तेव्हा समुद्राकाठी जागा घेताना शयनगृहे किती यापेक्षा न्हाणीघरे किती, बाहेर नळ आहे का आणि कपडे वाळत घालायला दोरी आहे का, हे आधी पाहावे. साधारण चार माणसांमागे एक न्हाणीघर असले की सकाळ शांततेत जाते.

रविवारी दुपारी नणंद निघून गेली आणि त्या रात्री तोच बंगला आम्हा सहा जणांना भलताच मोठा झाला. धाकटा रात्री उठला तर अनोळखी घरात दिव्याची बटणे त्याला सापडेनात, थोरली एकटी वेगळ्या खोलीत झोपायला तयार होईना. शेवटी आम्ही चौघे एकाच खोलीत आलो आणि एक शयनगृह रिकामे पडून राहिले, ज्याचे भाडे आम्ही भरतच होतो. आख्ख्या बंगल्याचे भाडे माणसे कमी झाली म्हणून कमी होत नाही. शिवाय बंगल्याबरोबर स्वयंपाकघर येते आणि स्वयंपाकघराबरोबर काम येते. वेंगुर्ल्याच्या बाजारातून ताजे बांगडे आणण्यात मौज आहे, पण ते साफ करणे, तळणे आणि नंतर ओटा पुसणे हे सुट्टीत कोणाच्या वाट्याला येते, ते घरोघरी ठाऊक आहे. बंगल्याच्या मालकाला सांगून गावातल्या एखाद्या बाईंकडे स्वयंपाक सोपवता येत असेल आणि बरोबर दुसरे कुटुंब असेल, तरच बंगला घ्यावा. एका कुटुंबासाठी मी तो सुचवणार नाही.

तिथून परुळ्यामार्गे मालवणला आलो. शहरात राहण्याचे कारण एकच होते, ते म्हणजे धक्का जवळ असणे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या तिथून सुटतात. 1664 साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा किल्ला, त्यातले शिवराजेश्वराचे मंदिर आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहून उन्हे चढायच्या आत परत येता येते आणि लहान मुलाला दुपारी नेहमीच्या वेळी झोपवता येते. पावसाळ्यात ही होडी बंद असते, हे जून ते ऑगस्ट या काळात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

लॉजची खोली मात्र मी मुद्दाम मोजली. ती 10 फूट बाय 12 फूट, म्हणजे 120 चौरस फुटांची होती. दुहेरी पलंग 6 बाय साडेसहा फुटांचा, म्हणजे 39 चौरस फूट त्यातच गेले. मुलांसाठी 3 बाय 6 च्या दोन गाद्या घातल्यावर आणखी 36 गेले. उरलेल्यात कपाट, टेबल, आमच्या बॅगा आणि दार उघडायला लागणारी जागा. न्हाणीघराचे दार बाहेरच्या बाजूला उघडणारे होते आणि ते बरोबर धाकट्याच्या गादीवर येई. रात्री कोणाला उठायचे झाले की आधी गादी मुलासकट हातभर ओढायची, मग दार उघडायचे, असा क्रम होता. साडेआठला तो झोपला की दिवा बंद करावा लागे आणि मग थोरली, तिचे बाबा आणि मी जिन्याच्या कठड्याशी उभे राहून कुजबुजत गप्पा मारत असू. सासू-सासऱ्यांसाठी ‘शेजारचीच’ खोली देऊ असे फोनवर सांगितले होते. प्रत्यक्षात आमची खोली पहिल्या मजल्यावर आणि त्यांची तिसऱ्यावर निघाली, आणि लिफ्ट नव्हती. सासऱ्यांच्या गुडघ्यांनी तो जिना कसा चढला, हे त्यांनाच ठाऊक. म्हणून दोन खोल्या घेणाऱ्यांनी केवळ ‘शेजारी’ या शब्दावर राहू नये. खोल्यांचे क्रमांक आणि मजला विचारून ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावे.

खोली लहान असणे प्रत्येक वेळी वाईटच असे नाही. डिसेंबर-जानेवारीत माणूस खोलीवर फक्त झोपायला जातो, तेव्हा लहान खोली चालून जाते. ऑक्टोबरचे किंवा मे महिन्याचे ऊन असेल तर अकरा ते चार मुलांना आतच ठेवावे लागते, आणि ते पाच तास पलंगावर बसून काढणे म्हणजे भांडणांना आमंत्रण. ज्या ऋतूत दुपार आत काढायची आहे, त्या ऋतूत एक पायरी मोठी जागा घ्यावी.

शेवटचा मुक्काम देवबागला होता. कर्ली नदीची खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये ही एक चिंचोळी पट्टी आहे. काही ठिकाणी एका बाजूच्या अंगणातून निघालो की थोड्याच वेळात दुसऱ्या बाजूच्या पाण्याशी पोहोचतो. खाडीच्या अंगाला असलेल्या एका घरात आम्हाला लगतच्या दोन खोल्या मिळाल्या. प्रत्येक खोली मालवणच्या खोलीपेक्षा फार मोठी नव्हती, पण दोन्हींची दारे एकाच लांब पडवीत उघडत होती, आणि त्या पडवीने सगळा हिशेब बदलला. सासू-सासरे पाच वाजता उठत आणि पडवीत चहा घेत; मुलांना त्याचा पत्ताही लागत नसे. रात्री धाकटा एका खोलीत झोपला की दार लोटून घेऊन आम्ही बाकीचे पडवीतच बसत असू, आणि तो कुशीवर वळला तरी खिडकीतून दिसे. थोरलीला कपडे बदलायला, वाचत पडायला आजीची खोली होती. दहा-बारा वर्षांच्या मुलीला असा आडोसा लागतो, आणि ती तो स्वतः मागत नाही, म्हणून खोल्या ठरवताना आपणच त्याचा विचार करायचा असतो. दोन न्हाणीघरे होती, अंगणात दोरी होती. यजमानीणबाई धाकट्यासाठी संध्याकाळी मऊ पेज आणि तूप वेगळे काढून ठेवत, कारण तिखट कालवणाला तो हात लावत नसे; सकाळी घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी असे. जेवणाची अशी सोय असेल तर खोलीत स्वयंपाकघर नसल्याचे काहीच वाटत नाही. दूध गरम करून मिळेल का आणि फ्रिजमध्ये औषध ठेवता येईल का, एवढे विचारले की पुरे.

खाडीकाठच्या घराची एक धास्तीही आहे. आमच्या अंगणातून पाच पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या आणि भरतीला त्यातल्या दोनच वर राहत. यजमानांनी फाटकाला धाकट्याचा हात पोहोचणार नाही अशी वरची कडी लावून दिली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. चालायला लागलेले मूल बरोबर असेल तर पाण्याकडे उघडणारे दार, विहिरीचा कठडा आणि गच्चीचा जिना या तीन गोष्टींची छायाचित्रे आधी मागवावीत. पलंगाची छायाचित्रे सगळेच पाठवतात.

आता खर्चाविषयी. एक मोठा सूट घ्यावा की दोन साध्या खोल्या, हे ठरवताना कराचा फरक बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जीएसटी हा प्रत्येक खोलीच्या दिवसाच्या भाड्यावर लागतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो 5 टक्के आहे आणि त्यापुढच्या खोलीवर 18 टक्के. म्हणजे 8,000 रुपयांचा फॅमिली सूट घेतला तर करासह 9,440 रुपये होतात, आणि 4,000 च्या दोन खोल्या घेतल्या तर 8,400. शिवाय दोन खोल्यांत दोन न्हाणीघरे आणि बंद करता येणारी दोन दारे मिळतात, जी सूटमध्ये असतीलच असे नाही. कित्येक ठिकाणी ‘सूट’ म्हणजे पडद्याने दुभागलेली एकच मोठी खोली असते आणि तिला वातानुकूलन यंत्रही एकच असते. आरक्षण करताना सांगितलेले भाडे करासह आहे की करावेगळे, हेही विचारावे. राज्य शासनाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी असलेली घरे किनाऱ्यावर आहेत. दोन खोल्या आणि मध्ये पडवी ही रचना कोकणातल्या जुन्या घरांत सहज मिळते, म्हणून शोधाची सुरुवात तिथून करायला हरकत नाही.

मुलांच्या वयाप्रमाणे माझा सल्ला थोडा बदलेल. मूल अंगावर पिणारे असेल तर आई-वडील आणि बाळ यांना एक खोली पुष्कळ होते. पलंग मात्र भिंतीला टेकवता येतो का ते पाहावे. दोन मुले पाच वर्षांच्या आतली असतील तर पलंगच नको असे सांगून सगळ्या गाद्या जमिनीवर घालून घ्याव्यात, कोणी पडत नाही आणि खोली दुप्पट मोठी वाटते. एक मूल लहान आणि एक जाणते असेल, किंवा आजी-आजोबा बरोबर असतील, तर दोन खोल्यांना पर्याय नाही; पैसे वाचवायचे असतील तर एक दिवस कमी राहावे, पण एका खोलीत सहा जण कोंबू नयेत.

रात्रीच्या गाडीने परतणाऱ्यांना दोन खोल्यांचा आणखी एक उपयोग होतो. बहुतेक ठिकाणी सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान खोली सोडावी लागते आणि मुलांना घेऊन संध्याकाळपर्यंत कुठे बसायचे हा प्रश्न पडतो. आम्ही सकाळी एक खोली रिकामी करून दिली आणि दुसरी अर्ध्या दिवसाचे भाडे देऊन संध्याकाळपर्यंत ठेवली. सगळ्या बॅगा तिथे गेल्या, धाकटा दुपारी झोपला, सासऱ्यांनी पाठ टेकली आणि आम्ही आंघोळी आटोपून कुडाळला निघालो. ही सवलत आरक्षणाच्या वेळीच मागून ठेवावी, कारण गर्दीच्या दिवसांत त्याच खोलीत दुपारी दुसरे पाहुणे यायचे असतात.