हेलिकॉप्टरमधून उतरून ड्रोन सर्वेक्षणाच्या धंद्यात : माझा अनुभव

हवाई दलात हेलिकॉप्टर चालवलेल्या माणसाने ड्रोनने जमीन मोजायचा धंदा काढला, की लोकांना वाटतं याचं सोपं आहे, उडवायला तर येतंच. प्रत्यक्षात उडवणं हा यातला सगळ्यात लहान भाग. तोही बराचसा ऑटोपायलटच करतो. आपण खाली उभं राहून स्क्रीनकडे बघायचं. बुडाखालची थरथर नाही, आणि अंगाला लागतो तो जमिनीवरचा वारा. वर काय चाललंय ते आकड्यांवरून ओळखायचं.

मला सगळ्यात जड गेलं ते भाव सांगणं. नोकरीत या उड्डाणाचे किती पैसे होतील, हे कुणी विचारलं नव्हतं. तंत्रज्ञांनी मशीन तपासलेलं असायचं, इंधन भरलेलं असायचं, हवामानाचा अंदाज टेबलावर असायचा. मी वहीत सही करून मशीन ताब्यात घ्यायचो. आता ते सगळं माझ्याच खर्चात येतं आणि कोटेशनमध्ये धरावं लागतं. गिऱ्हाईक म्हणतं, चार ऐवजी दोन सेंटिमीटरचा नकाशा द्या, म्हणजे फोटोतला एक पिक्सेल जमिनीवरच्या दोन सेंटिमीटरचा. त्यासाठी त्याच कॅमेऱ्याने निम्म्या उंचीवरून उडावं लागतं. मग एका फोटोत चौथाईच जमीन मावते आणि फोटो चौपट होतात. शिवाय लागोपाठच्या फोटोंमध्ये ७० ते ८० टक्के भाग सारखा लागतो, कारण एकच बिंदू अनेक फोटोंत सापडला तरच सॉफ्टवेअरला त्याची उंची काढता येते. एवढं करून पिक्सेल बारीक झाला म्हणून नकाशा अचूक झाला असंही नाही. त्यासाठी जमिनीवर खुणा मांडून त्यांची जागा उपग्रह रिसीव्हरने मोजायची. त्या पायपिटीत उड्डाणापेक्षा जास्त वेळ जातो, आणि 'भाव कमी करा' म्हणणारा माणूस पहिली कात्री तिथेच लावायला सांगतो. ती मी लावत नाही. काम गेलं तर जाऊ दे.

हुद्द्याचा उपयोग किती? हुद्दा सांगितला की समोरचा उठून उभा राहतो. ऑर्डर देताना मात्र दुसऱ्याचा भाव काढून बघतोच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

उडवण्यातलं जे उपयोगी पडलं, ते मला वाटलं होतं त्याहून वेगळं निघालं. हेलिकॉप्टर सरळ खाली आणताना स्वतःच्याच पंख्याने खाली ढकललेल्या हवेत सापडतं, आणि शक्ती वाढवली तरी खालीच जात राहतं. ड्रोनचंही तेच होतं. आमची पोरं सुरुवातीला तो सरळ, वेगाने खाली घ्यायची आणि ड्रोन डगमगला की घाबरायची. आता तिरका, थोडा पुढे सरकवत उतरवतात. उलट बॅटरीच्या बाबतीत मलाच नव्याने शिकावं लागलं. इंधन जळत जाईल तसं हेलिकॉप्टर हलकं होतं. बॅटरी रिकामी होत आली तरी वजन तेवढंच, आणि शेवटी शेवटी व्होल्टेज झपाट्याने घसरतं, थंडीत तर अधिकच. म्हणून ३० टक्के उरले की परत फिरायचं, काम कितीही थोडं राहिलेलं असो. वापरात नसताना बॅटऱ्या पूर्ण भरून ठेवायच्या नाहीत, दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायच्या. एखादी फुगलेली दिसली की बाजूला काढायची, यावर चर्चा नाही.

उड्डाणानंतर सगळ्यांनी बसून झालेलं काम उघड तपासायचं आणि त्या वेळी हुद्दा दाराबाहेर ठेवायचा, ही स्क्वाड्रनमधली सवय मी इथे आणली. पहिले काही आठवडे सगळे गप्प. "सर, तुम्हीच सांगा ना." मग मी नियम केला की सर्वांत धाकट्याने आधी बोलायचं. एकदा त्याने टीमच्या म्होरक्यासमोरच सांगितलं, "सर, तिसरी खूण वाऱ्याने सरकली होती. मोजल्यानंतर सरकली, मी फोटोत बघितलं." म्होरक्याचा चेहरा पडला, पण तो बिंदू वगळून हिशेब केला आणि नकाशा वाचला. नोकरीच्या मुलाखतीत कुणाची पदवी बघण्यापेक्षा मला हे असं बोलणारं माणूस हवं असतं.

पैशाबद्दल थोडक्यात. एका मोठ्या गिऱ्हाइकाने नकाशे घेतले, वापरले आणि बिल महिनोन्‌महिने अडकवलं. कागदावर नफा होता, बँकेत पगारापुरते नव्हते. नोकरीत पगार तारखेला मिळायचा, इथे तो मला तारखेला द्यायचा असतो. तेव्हापासून आधी आगाऊ रक्कम, मग कमी दर्जाचा नमुना नकाशा, आणि पूर्ण डेटा शेवटचा हप्ता जमा झाल्यावर. पेन्शन होतं म्हणून त्या काळात घर चाललं, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्याला पेन्शन नाही त्याने माझ्याएवढा धीर धरायच्या भानगडीत पडू नये.

मी आता फार कमी उडवतो. साइटवर पोरंच जातात, मी कोटेशन आणि वसुली बघतो. सध्या वाद चाललाय तो लायडारचा, म्हणजे लेझर सोडून अंतर मोजणाऱ्या यंत्राचा. दाट झाडीखालची जमीन फोटोत दिसत नाही, लेझरची काही किरणं मात्र पानांच्या फटींतून खाली पोचतात. जंगलातली कामं घ्यायची तर ते यंत्र लागणार. ते महाग आहे, म्हणून लागेल तसं भाड्याने आणतो. वर्षभराच्या ऑर्डरी हातात आल्याशिवाय कर्ज काढायचं नाही, असं मी आणि हिशेबनिसांनी ठरवलंय. पोरांना ते अजिबात पटलेलं नाही आणि दर बैठकीत ती तसं सांगतात.