'सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर' न देता जोडलेलं कॉल सेंटर

कॉल सेंटरचं सॉफ्टवेअर आमच्या सेल्सफोर्सला, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला, जोडायचं होतं. फोन आला की नंबरवरून काँटॅक्ट शोधायचा आणि तक्रारीची केस उघडायची, एवढंच काम. पण व्हेंडरच्या पीडीएफमधली पहिलीच पायरी होती: सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर प्रोफाइलचा युजर बनवा.

मी ठाम नकार दिला. प्रोफाइल म्हणजे युजरच्या मूळ परवानग्या, आणि त्या प्रोफाइलला 'मॉडिफाय ऑल डेटा' असतं. म्हणजे सगळ्या ग्राहकांची माहिती वाचायची, बदलायची, पुसायचीही मुभा. ऑगस्ट २०२५मध्ये ड्रिफ्ट या चॅट सॉफ्टवेअरचे चोरलेले ओऑथ टोकन (पासवर्डशिवाय आत शिरू देणाऱ्या डिजिटल किल्ल्या) वापरून शेकडो कंपन्यांच्या सेल्सफोर्समधला डेटा उपसला गेला. तिथे कुलूप कुणी तोडलं नव्हतं, बाहेर दिलेली किल्लीच चोरांच्या हाती लागली होती. टोकन उद्या गेलंच, तर चोराला किती दिसेल हे त्या युजरच्या परवानग्यांवर ठरतं, आणि त्या आपण देतो.

सेल्सफोर्सच्या एंटरप्राइझ एडिशनमध्ये २०२३पासून ५ 'सेल्सफोर्स इंटिग्रेशन' लायसन्स फुकट मिळतात, खास अशा जोडणीच्या युजरसाठी. त्यातलं एक घेतलं आणि 'मिनिमम ॲक्सेस - एपीआय ओन्ली इंटिग्रेशन्स' हे प्रोफाइल लावलं. हा युजर फक्त एपीआयने, म्हणजे सॉफ्टवेअरने सॉफ्टवेअरशी बोलायच्या वाटेने, येतो; नेहमीच्या स्क्रीनवर लॉगिन करू शकत नाही, मला तेच हवं होतं. मग परमिशन सेट, म्हणजे प्रोफाइलच्या वर द्यायच्या परवानग्यांचा गठ्ठा, बनवला: काँटॅक्टला रीड; केसला रीड, क्रिएट, एडिट. डिलीट कशालाच नाही. तो युजरला लावताना एरर आला, कारण आधी 'सेल्सफोर्स एपीआय इंटिग्रेशन' हे परमिशन सेट लायसन्स द्यावं लागतं. ते दिल्यावर सेट लागला. काँटॅक्ट वाचायचा तर अकाउंटलाही (तो काँटॅक्ट ज्या कंपनीचा, तिची नोंद) रीड द्यावंच लागतं. पण वार्षिक उलाढालीसारखी फील्डं मी बंदच ठेवली.

खरी कसोटी इथून पुढे. व्हेंडरच्या इंजिनिअरचा फोन आला, "मॅडम, वॉरंटीचं फील्ड तुमच्याकडे नाहीच आहे. 'नो सच कॉलम' येतंय." फील्ड होतं. फील्ड-लेव्हल सिक्युरिटीत (कोणतं फील्ड कुणाला दिसेल ते ठरवणारं सेटिंग) परवानगी नसेल तर सेल्सफोर्स एपीआयला 'परवानगी नाही' असं सांगत नाही, तो कॉलम अस्तित्वातच नसल्यासारखं उत्तर देतो. हे ठाऊक नसलं की माणूस वैतागून ॲडमिन प्रोफाइल देऊन मोकळा होतो. आम्ही दोघांनी बसून त्यांच्या क्वेरीतल्या फील्डांची यादी केली आणि तेवढीच उघडली.

त्यानंतरची अडचण जास्त फसवी होती. क्वेरी बिनतक्रार चालायची, पण जुन्या केसेस शून्य. आमच्याकडे केसचं ऑर्ग-वाइड डिफॉल्ट, म्हणजे रेकॉर्ड मुळात कुणाला दिसतील ते ठरवणारं सेटिंग, प्रायव्हेट आहे. ऑब्जेक्टची परवानगी असली तरी दुसऱ्याच्या मालकीचे रेकॉर्ड दिसत नाहीत, आणि एररही येत नाही. सगळ्याच केसेस दाखवणारी 'व्ह्यू ऑल'ची एक टिक पुरली असती. तरी मी निकषांवर आधारित शेअरिंग रूल लिहिला: सर्व्हिस प्रकारच्याच केसेस, या युजरच्या पब्लिक ग्रुपला. कायदेशीर वादाच्या केसेस कॉल सेंटरला दिसायचं काही कारण नाही.

कनेक्टेड ॲपमध्ये, म्हणजे बाहेरच्या सॉफ्टवेअरला टोकन मिळतं त्या सेटिंगमध्ये, 'ॲडमिन अप्रूव्ह्ड युजर्स आर प्री-ऑथराइज्ड' (ॲडमिनने मंजूर केलेल्या युजरनाच प्रवेश) निवडून फक्त हाच परमिशन सेट जोडला.

शेवटी मीच त्या युजरच्या टोकनने ऑपॉर्च्युनिटीची (विक्रीच्या संधींच्या नोंदींची) क्वेरी मारून पाहिली. नकार आला. केसची क्वेरी लगेच उत्तरली. तेव्हाच गो-लाइव्हला होकार दिला आणि परवानग्यांची पूर्ण यादी व्हेंडरला पाठवून त्यांच्या पीडीएफमधली पहिली पायरी बदलायला सांगितली.