आपांसाठी ईदची भेट

सव्विसावा रोजा

ईद चार-पाच दिवसांवर आली आहे आणि आपांना काय द्यावे, हे माझे अजून ठरलेले नाही. आपा खालच्या मजल्यावर राहतात. आमची ओळख जिन्यातली. येता-जाता विचारपूस, सणाला शुभेच्छा, त्यापलीकडे फारसे काही नाही. मात्र काही महिन्यांपूर्वी आई जिन्यात पाय घसरून पडली, तेव्हा मी पोहोचेपर्यंत आपा तिचे डोके मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिल्या होत्या, आणि त्यानंतर त्यांनी त्या गोष्टीचा एकदाही उल्लेख केला नाही. भेट द्यायची आहे ती त्या उपकाराची फेड म्हणून नव्हे. महिनाभराच्या उपवासानंतर त्यांच्या घरात जो आनंद येणार आहे, त्यात आपणही एक पाऊल आत टाकावे, एवढेच मनात आहे.

आज दिवसभर जे जे सुचले ते एकेक करून बाजूला ठेवले. पहिला विचार खजुराचा होता. ईदच्या नमाजाला निघण्यापूर्वी प्रेषित मुहंमद विषम संख्येने खजूर खात असत आणि आजही असंख्य घरांत तो रिवाज पाळला जातो, त्यामुळे खजुरात चूक होण्याची शक्यताच नाही. पण इफ्तारला महिनाभर ज्या घरात खजूर आहेत, तिथे आणखी एक डबा नेणे म्हणजे विचार न करताच भेट दिल्यासारखे होईल. चॉकलेटच्या खोक्याबद्दल ऑफिसातल्या सहकारी मैत्रिणीला विचारले, तेव्हा तिने वेष्टनावरचे घटक वाचायला सांगितले: जिलेटिन असेल तर ते कोणत्या प्राण्याचे आहे हे पाहावे लागते आणि आत मद्य असलेली चॉकलेटे तर मुळीच चालत नाहीत. अत्तराचेही तसेच. सुगंध लावून ईदच्या नमाजाला जाणे पुरुषांसाठी चांगले मानले जाते आणि तेलातले, अल्कोहोलविरहित अत्तर सहसा सर्वांना चालते, पण दुसऱ्याचा सुगंध आपण निवडायचा तर त्या माणसाची निदान आवड तरी ठाऊक हवी. रेशीम आणि सोने वर्ज्य आहे ते पुरुषांना, स्त्रियांना नाही, ही माहिती मला नवी होती. तरीही कापड घेण्याइतकी मी आपांना ओळखत नाही.

सर्वांत जास्त वेळ मी घालवला तो अरबी सुलेखनाच्या एका तसबिरीसमोर. निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरांची ती वळणे इतकी सुरेख होती की हात पुढे झाला होता. मग लक्षात आले की त्यात काय लिहिले आहे ते मला वाचता येत नाही. ती कुराणातली आयत असेल तर ती कुठे टांगायची, कोणत्या उंचीवर, कशी हाताळायची याला मर्यादा आहेत, आणि त्या मी न समजता दुसऱ्याच्या भिंतीवर लादल्या असत्या. जे आपल्याला वाचता येत नाही ते आपल्या नावाने कोणाला देऊ नये, असे मला तरी वाटते.

तिथेच एक लाकडी रेहाल होती, ग्रंथ ठेवण्याची घडीची चौकट. दुकानदाराने ती उघडून दाखवली: दोन्ही फळ्या एकाच लाकडातून काढलेल्या, मधले सांधेही त्याच लाकडात कोरून एकमेकांत अडकवलेले, खिळा किंवा बिजागरी कुठेही नाही. मी ती बराच वेळ उघडत-मिटत राहिले. परंतु आपांकडे रेहाल आहे, मी ती पाहिली आहे. जुनी, कडांना झिजून गुळगुळीत झालेली. ती कोणी दिलेली असेल, किती वर्षे त्यांच्यासमोर असेल, कोण जाणे. तिच्या जागी नवी नेऊन ठेवण्याचा मला अधिकार नाही.

अठ्ठाविसावा रोजा

जे समोर होते ते मी महिनाभर पाहूनही पाहिले नव्हते, याचे आज फार वाईट वाटले.

मी पहाटे फिरायला उतरते, तेव्हा सहेरी (रोजापूर्वीचे पहाटेचे खाणे) आणि फज्रची, म्हणजे पहाटेची, नमाज आटोपून आपा आपल्या उघड्या दाराच्या उंबऱ्याशी कुराण घेऊन बसलेल्या असतात. आत नातवंडे झोपलेली, म्हणून घरातला दिवा बंद. त्या वाचतात ते जिन्यातल्या सामाईक दिव्याच्या उजेडात. तो दिवा दर काही मिनिटांनी आपोआप विझतो. आज मी वरच्या पायरीवर चपलेचा पट्टा लावत थांबले होते आणि नेमका तो विझला. अंधारात आपांचा आवाज थांबला. त्यांनी उजव्या हाताचे बोट होते त्याच ओळीवर ठेवले, डावा हात भिंतीला टेकून अर्धवट उठल्या, चाचपडत बटण दाबले, गुडघा धरून पुन्हा बसल्या आणि ज्या शब्दावर बोट होते तिथूनच पुढे सुरू झाल्या. मी उभी असतानाच हे दोनदा झाले. रमजानच्या अठ्ठावीस पहाटे त्या अशा किती वेळा उठल्या असतील!

त्यांना वाचनासाठी छोटा दिवा द्यायचा, हे त्याच पायरीवर ठरले. पण लगेच शंका आली की आता उशीर झाला. कुराणाचे तीस पारे, म्हणजे भाग, आहेत आणि पुष्कळ लोक रमजानमध्ये संपूर्ण पठण करतात. शिवाय महिना एकोणतीस दिवसांचा होणार की तीस, हे चंद्रदर्शनावर अवलंबून असल्याने शेवटच्या दिवसापर्यंत बरेच जण थांबत नाहीत. सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत बऱ्याच ठिकाणी पठण पूर्ण होते. म्हणजे माझी भेट पोहोचेल तेव्हा काम संपलेले असेल. मी खाली उतरले, सलाम केला आणि जाताना सहज पाहिले, तर रेहालीवरच्या ग्रंथाची उजवीकडची पाने अगदी थोडी होती आणि डावीकडे जाड थर होता. अरबी ग्रंथ उजवीकडून सुरू होतो, हे ध्यानात यायला मला क्षणभर लागला. मी विचारले, "आपा, पठण राहिलं का?" त्या हसून म्हणाल्या, "झालं की, बेटा. शेवट झाला की लगेच पहिलं पान उघडायचं, असं आमच्याकडे करतात."

संध्याकाळी चिमट्याने अडकवता येणारा, चार्ज करून वापरायचा एक लहान दिवा आणला. महाग घेतला नाही, आणि ते जाणूनबुजून. ईदच्या नमाजापूर्वी घरातल्या प्रत्येक माणसामागे, अगदी तान्ह्या मुलामागेही, गरिबांसाठी फितरा नावाचे दान काढले जाते. ज्या सणाची सुरुवातच देण्याने होते, त्या दिवशी मोठी वस्तू नेऊन त्या घरावर परतफेडीचे ओझे टाकणे मला बरे वाटले नसते.

रात्री दिवे मालवून जमिनीवर बसून मी तो दिवा तपासला. एक मराठी पुस्तक पाटावर उघडून, आपांसारखे बोट उजवीकडून डावीकडे सरकवत पाहिले. दिवा उजव्या बाजूला लावला की हाताची सावली पुढच्या, अजून वाचायच्या शब्दांवर पडते. डावीकडे लावला की ती वाचून झालेल्या भागावर जाते आणि पुढची ओळ स्वच्छ दिसते. म्हणून त्याची मान डावीकडून पानावर नीट वळते ना, हे चारचारदा पाहिले. पांढरा झगझगीत उजेड डोळ्यांना टोचत होता, तेव्हा तो पिवळसर आणि मंद करून ठेवला.

एकोणतिसावा रोजा, रात्री

चंद्र दिसला. वरच्या गच्चीवरून मुलांचा गलका झाला आणि पाच मिनिटांत खालच्या मजल्यावर भांड्यांचे आवाज सुरू झाले. उद्या सकाळी आंघोळ, नवे कपडे, नमाज, पाहुणे अशी धांदल असणार, म्हणून भेट आजच दिली. वेष्टन साधे हिरव्या कागदाचे, वर फक्त "ईद मुबारक" आणि आईचे व माझे नाव. आपल्या घरची भेट वाटावी म्हणून चंद्रकोर, मशिदी छापलेला कागद मुद्दामच टाळला.

आपांनी कणकेचे हात पुसून ती उजव्या हाताने घेतली. मी दिवा चिमट्यात अडकवून कसा लावायचा ते दाखवले आणि डाव्या बाजूचे कारण सांगितले. त्या काही वेळ दिव्याकडे, मग जिन्यातल्या त्या बटणाकडे पाहत राहिल्या.

"एवढ्या पहाटे तू माझं वाचन पाहत होतीस?"

मी म्हटले, "आपा, पाहायला उशीर झाला."

शेजारणीने दिलेली भेट बकरीच्या खुराएवढी असली तरी क्षुल्लक मानू नये, अशी प्रेषितांची शिकवण आहे, असे त्यांनी सांगितले, आणि लगेच डोळे पुसत म्हणाल्या, "ही तर त्याहून पुष्कळ मोठी आहे गं." मग आईसाठी एक डबा हातात दिला आणि उद्या दुपारी तिला धरून हळूहळू खाली घेऊन ये, असे दोनदा बजावले.

ईदचा दुसरा दिवस

आज पहाटे फिरायला उतरले, तेव्हा जिना अंधारात होता. खालच्या दाराची फट उघडी होती आणि तिच्यातून पिवळसर उजेडाची एक पट्टी उंबऱ्यावर पडली होती. आतून आपांचा आवाज संथ, न थांबता येत होता. मी दिव्याचे बटण न दाबता, कठड्याला धरून पायरी पायरीने खाली उतरले.